तंजावरचे रक्षण की तंजावरचा सौदा?

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो असता, नोकरीनिमित्त तंजावरकडे काढलेली वर्षे आठवली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मराठी घरांत पाहुणचार झाला की एक वाद हमखास निघे. १७७६ साली इंग्रजांनी तुळजाजी महाराजांना गादी परत दिली, ती न्यायबुद्धीने की स्वार्थाने?

१७४९ मध्ये पदच्युत सयाजींचा कैवार घेऊन कंपनीची फौज प्रतापसिंहांवर चालून आली. कोळ्ळिडमच्या मुखाजवळचे देवीकोट्टै हाती पडताच तिने प्रतापसिंहांशी तह केला आणि सयाजींचा दावा सोडून दिला. पुढे १७७३ मध्ये याच कंपनीच्या बळावर अर्काटचा नवाब महंमद अली याने तंजावर घेतले व तुळजाजींना कैदेत टाकले. लंडनच्या संचालकांना हे रुचले नाही. त्यांच्या आज्ञेवरून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी एप्रिल १७७६ मध्ये राज्य परत केले.

पिगट यांचे समर्थक म्हणत, केवळ स्वार्थ असता तर या गृहस्थाने एवढी किंमत का मोजली? पॉल बेनफील्ड नावाच्या कंपनीच्या नोकराने नवाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या महसुलावर आणि शेतात उभ्या पिकावरही हक्क सांगितला होता. पिगट यांनी तो अडविला. ऑगस्टमध्ये त्यांच्याच कौन्सिलातील बहुमताने त्यांना अटक करविली आणि १७७७ मध्ये ते स्थानबद्धतेतच निवर्तले.

प्रतिपक्षाचे उत्तरही तोलाचे असे. गादी परत आली ती कंपनीच्या शिबंदीसह, आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला चार लक्ष होनांचे ओझे घेऊन. १७८१ मध्ये हैदरअलीची फौज आली तेव्हा राजधानी वाचली. पण गावे उजाड झाली, गुरे आणि माणसे हाकून नेली गेली. रक्षणाचे मोल ज्यांच्या भाताने चुकविले, त्यांचे रक्षण झाले नाही. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींकडे राजधानीपुरतीच सत्ता उरली आणि १८५५ मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर तीही संपली.

माझे मत विचाराल तर, पिगट यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला फारशी शंका नाही. परंतु एका माणसाची सद्बुद्धी हे राजसत्तेचे धोरण नव्हे. हस्तक्षेपाचा न्याय हेतूवरून करू नये. त्याचा खर्च कोणी भरला यावरून करावा.

एकदा हे मत मांडताच एका वृद्ध यजमानांनी शांतपणे विचारले, "मग आपले काय? व्यंकोजीराजे तरी विजापूरच्या आज्ञेने नायकाच्या मदतीलाच आले होते ना? आणि राहिलेच ना?" बैठकीत कोणी बोलेना. मलाही उत्तर सुचले नाही.

आज एवढेच म्हणतो की, १६७५-७६ च्या त्या प्रसंगालाही आपण तीच फूटपट्टी लावली पाहिजे. भोसले येथेच राहिले, येथल्या भाषांत रमले. सरस्वती महाल ग्रंथालय आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांची मागे राहिलेली पुण्याई. तथापि तीही याच शेतकऱ्याच्या भातावर उभी राहिली. परमुलखात वसलेल्या आपणां मराठी माणसांना पूर्वजांचा अभिमान जरूर असावा. त्या भाताचे ऋणही विसरू नये.