सावकाराचे धरणे, सत्याग्रहीचा कायदा

हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर पीककर्जासाठी किंवा पीकविम्यासाठी शेतकरी धरणे धरतात, तेव्हा त्यांच्या हातात सावकाराचे हत्यार असते. धरणे ही मुळात वसुलीची रीत. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचे नाही. बसणारा ब्राह्मण असला आणि दारातच मेला, तर ब्रह्महत्या त्या घराच्या माथी.

मनुस्मृतीत वसुलीचे पाच उपाय आहेत, त्यातला एक ‘आचरित’. मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी त्याचा अर्थ दारात उपाशी बसणे असा लावतो. बायकापोरे, गुरे अडवून ठेवणे, असाही अर्थ काहींनी लावला आहे. मला मेधातिथी पटतो. रामायणात भरत रामाच्या पर्णकुटीपुढे दर्भ अंथरून आडवा होतो, तेव्हा तो स्वतःला धन गमावलेल्या द्विजाची उपमा देतो. हा क्षत्रियाचा मार्ग नव्हे, असे राम त्याला बजावतो. कायद्याचा इतिहासकार हेन्री मेनने 1875 साली आयर्लंडमधल्या धनकोच्या उपासाशी याचे नाते जोडले, आणि दोन्हींचा पूर्वज एकच असावा असे मानणारेही पुढे झाले. दारातल्या उपाशी माणसाची धास्ती बसायला समान पूर्वज कशाला हवा?

शिंद्यांच्या छावणीत 1809 साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने थकलेल्या पगारासाठी शिपायांनी धरलेली धरणी पाहिली होती. (हिंगोलीसारख्या छावण्यांतल्या फौजेच्या पगारापायी निजामावर ईस्ट इंडिया कंपनीचे कर्ज चढले, तेव्हा कंपनी दारात बसली नाही, 1853 साली तिने पैनगंगेपलीकडचा वऱ्हाडच ताब्यात घेतला.) इंग्रजांनी बनारसेत 1795 सालीच धरण्यावर बंदी घातली होती. पुढे 1860 च्या दंडसंहितेच्या 508 व्या कलमात दैवी कोपाची भीती घालणे गुन्हा ठरले, आणि उदाहरण दिले ते धरण्याचेच.

खरी गंमत पुढे आहे. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्यात कर्जदाराला छळणे गुन्हा ठरले. छळणे म्हणजे काय? माणूस राहतो, काम करतो किंवा धंदा करतो त्या जागेजवळ घुटमळणे, त्याच्या मागे मागे फिरणे. ही भाषा धरण्याच्या कलमातून आली असेल असे कुणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. 508 व्या कलमात देवाचा कोप होता, कामाची जागा नव्हती. ‘कामाची जागा’ सापडते 1932 च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यात, जवळपास त्याच शब्दांत. तो कायदा दारूच्या आणि विलायती कापडाच्या दुकानांपुढे निरोधन (पिकेटिंग) करणाऱ्या सत्याग्रहींसाठी होता. त्याचेही मूळ इंग्लंडच्या 1875 च्या कायद्यात, आणि तिथे रोख संपकरी कामगारांवर. सावकारीचा मसुदा करणाऱ्याच्या टेबलावर 1932 चा कायदा उघडा पडला होता, यात मला शंका नाही. सावकाराचे हत्यार आंदोलकाकडे गेले आणि आंदोलकाविरुद्धचा कायदा कर्जदाराच्या रक्षणाला आला!

हिंगोलीचा मराठवाडा 1956 साली मुंबई राज्यात आला. पुढे 1946 चा सावकारी कायदा जाऊन 2014 चा आला. त्यातही कर्जदाराला छळणे गुन्हाच आहे, आणि बेकायदा सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये ठरवले. पगाराच्या तारखेपर्यंत उचल देणारी मोबाइलवरची ॲप्स बहुधा अशाच कंपन्यांसाठी कर्ज वाटतात. तिथे रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात घातलेली मनाई कामाला येते: थकीत हप्त्यासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास नाही. कर्जदाराच्या कचेरीतल्या साहेबाला फोन करून त्याची अब्रू काढणे हे दारात बसण्याचेच आजचे रूप आहे, आणि ते याच मनाईत येते.

धाकाऐवजी कायद्याच्या वाटेने पगारावर जप्ती आणायची तर आधी कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तो मिळाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचे 60 वे कलम आडवे येते: पोटगीचा हुकूमनामा सोडला, तर पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावेच लागतात. मजुराची मजुरी, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि धर्मरूढीप्रमाणे बाईच्या अंगावरून न उतरणारा दागिना, यांवर जप्तीच नाही.