पाव मैलाची शर्यत
तरुणांच्या हातीं वेगवान मोटार देऊं नये, असें वडील मंडळी म्हणतात. अमेरिकेचा इतिहास निराळेंच सांगतो. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्यांच्या मोटारींत बसविलें. पुढें या मोटारी जुन्या होऊन स्वस्त झाल्या, तेव्हां दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं त्या घेतल्या. मडगार्डें काढून वजन घटविलें, जादा कार्ब्युरेटर लाविले, सिलिंडरांवरील झांकणें तासून दाब वाढविला. त्याच गाडींतून कामावर जावयाचें आणि सुटीच्या दिवशीं म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर तिचा वेग मोजावयाचा! १९३७ सालीं तेथील मंडळांनीं वेगमापनाची संस्थाही स्थापिली.

परंतु तळें दूर आणि रस्ता दाराशीं. रस्त्यावरील शर्यतींनीं वाटसरूंचे जीव धोक्यांत येऊं लागले. बंदीनें हें वेड शमेना. तेव्हां १९५० सालीं सांता आनाच्या विमानतळावरील धांवपट्टीवर शर्यती भरूं लागल्या. १९५१ सालीं वॅली पार्क्स यांनीं राष्ट्रीय संघटना स्थापून या खेळास सुरक्षिततेचे नियम घालून दिले. पाव मैलाची सरळ वाट हेंच पुढें त्याचें माप ठरलें.

गाडी तीच, चालकही तोच. परंतु रस्त्यावर जो अपराधी ठरता, तो तेथें खेळाडू ठरला. साहसास नुसता मज्जाव पुरत नाहीं. त्यास मैदान द्यावें लागतें.