पहिला वेढा

परवा माळा आवरताना एका जुन्या फायलीत 2001 सालच्या रिपोर्टची झेरॉक्स सापडली. विषय : पंख्याची 3.3 केव्ही मोटर जळणे. कारण : रिवाइंडिंगमधला दोष. खाली माझी सही. तर मंडळी, आज जरा तांत्रिक सहन करा. (घरच्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल!)

कारखान्यातला मोठा पंखा वर्षानुवर्षं पूर्ण वेगाने फिरायचा आणि हवा कमी हवी असली की डँपर मिटायचा. पंख्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, वेग 80 टक्क्यांवर आणला तर ती जवळपास निम्मी होते. म्हणजे डँपरपायी किती वीज फुकट जात होती बघा. वेग बदलायची वॉर्ड लिओनार्डची पद्धत 1891 पासून होतीच, पण तिच्यात एका डीसी मोटरसाठी आणखी दोन मशिनं फिरवावी लागत. एसी मोटरला फ्रिक्वेन्सीच बदलायला हवी. आणि हजारो व्होल्ट एकटा सेमीकंडक्टर स्विच कुठून सोसणार?

1981 साली जपानमधल्या नागाओकाच्या नाबाए, ताकाहाशी आणि आकागी यांचा पेपर आला. डीसीच्या मधोमध एक बिंदू काढायचा आणि डायोड लावून स्विच त्याला बांधायचे. प्रत्येक स्विचवर निम्मंच व्होल्टेज येतं, आउटपुटला दोनाऐवजी तीन पायऱ्या मिळतात. आजही ही सर्किट बघताना मजा वाटते. आमच्याकडे बसवलेला ड्राइव्ह याच जातीचा होता.

पण 3.3 केव्हीला यातली एकेक पायरी अडीच हजार व्होल्टच्या आसपास, आणि ती चढते डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी. लांब केबलमधून असा धक्का गेला की मोटरच्या टर्मिनलवर तो जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. शिवाय तो वाइंडिंगभर सारखा वाटला जात नाही, मुख्य मार पहिल्या कॉइलवर. मधे फिल्टर हवा होता. खर्च वाचवायला तो गाळला होता.

दुसरी वाट लहान लहान इन्व्हर्टर सिरीजमध्ये जोडायची. बेकर आणि बॅनिस्टर यांचं तसं पेटंट 1975 चं! मात्र प्रत्येक सेलला स्वतंत्र सप्लाय हवा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला ढीगभर सेकंडरी. रोबिकॉनच्या पीटर हॅमंड यांच्या 1997 च्या पेटंटमध्ये त्याच सेकंडरींना थोडाथोडा फेज फरक दिलाय, त्यामुळे लाइनवरचे हार्मोनिक्स एकमेकांना खातात. नडणारी गोष्टच कामाला लावली. 3.3 केव्हीसाठी फेजला तीन, एकूण नऊ सेल, प्रत्येकी 635 व्होल्टचा. पायरी उरते जेमतेम नऊशे व्होल्टची, जुनी मोटरही बिनतक्रार चालते.

हे सगळं मी नंतर वाचलं. असो.

मोटर उघडली तेव्हा वाइंडिंगवाले मिस्त्री मला हाताला धरून घेऊन गेले होते. "साहेब, बघा, बाकी कॉइल कोऱ्या आहेत. पहिल्या कॉइलचा पहिलाच वेढा गेलाय. माझं काम खराब असतं तर कुठंही गेलं असतं ना?" मी मान हलवली आणि वर जाऊन सही केली.

दुसरी मोटर तिथेच जळली तेव्हा फिल्टर बसला. रिपोर्ट कुणी बदलला नाही. मिस्त्रींचं अडवलेलं बिलही सुटलं नाही.