मिरचीदाह, हातांचा
मिरची हाताळताना हातांना होणारी आग. नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर ओली मिरची उन्हात वाळते आणि मजूर बाया दिवसभर बसून देठ खुडतात. मिरचीतील कॅप्सेसिन त्वचेतील उष्णता जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे चटका न लागताही हात भाजल्यासारखे होतात. ही आग काम संपल्यावरही तासन्‌तास राहते. संध्याकाळी भाकरी थापताना चुलीच्या धगीने पुन्हा भडकते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी खाद्यतेल चोळून पुसावे, मग साबणाने धुवावे. गरम पाणी टाळावे. तान्ह्याला घेण्यापूर्वी तर हे करावेच. फोड किंवा भेगा पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. सुती मोज्यांतून ओल झिरपते. रबरी हातमोजे हवेत, आणि ते मालकाने द्यायला हवेत.