हुकमाबाहेरची पोर्तुगीज

इ. स. १६८४ च्या जून महिन्याच्या २७ तारखेस गोव्याचा व्हाइसरॉय, आल्व्होरचा काउंट, याने एक फर्मान काढले. आपल्या अमलातील रयतेने तीन वर्षांच्या आत स्वतःची देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे, असा त्याचा मतलब होता. फर्मानाची तारीख जरा लक्षात ठेवावी. आदल्याच वर्षी हाच व्हाइसरॉय फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला होता आणि संभाजी महाराजांनी त्याला पिटाळून लावले होते. पुढे जुवे बेटावर त्याचा जीव थोडक्यात वाचला. मराठे खुद्द गोवे शहरात शिरणार अशी वेळ आली, तेव्हा त्याने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला अधिकारदंड ठेवला आणि राज्याचा भार त्या संतावर सोपविला. तलवारीने ज्याचा निभाव लागला नाही, तो सहा-सात महिन्यांनी लोकांच्या जिभेवर राज्य करावयास निघाला होता!

तीन वर्षे सरली, तीनशेही सरली. गोव्याच्या घराघरांतून कोकणी बोलली जात होती, ती तशीच राहिली. देवळाच्या पुराणात आणि शेणव्यांच्या वहीत मराठी होती, तीही राहिली. पोर्तुगीज भाषा वरच्या थरातील काही घराण्यांत मुरली, पण सामान्य रयतेच्या तोंडी ती फर्मानाने बसली नाही.

आणि तरीही, श्रोतेहो, याच आपल्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्या चारशे वर्षांत पुष्कळ माणसे चांगल्या जाणत्या वयात पोर्तुगीज शिकली. मिसरूड फुटल्यावर, संसार मागे लागल्यावर, कधी केस पिकू लागल्यावर शिकली. त्यांच्यावर कोणाचा हुकूम नव्हता. प्रत्येकाचे कारण निराळे आणि अगदी स्वतःचे होते. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या कारणांविषयी.

पहिले कारण पोटाचे. ते कमी प्रतीचे आहे असे आम्ही मानीत नाही. गोव्याच्या सरकारात ‘लिंग्व दु इश्तादु’ म्हणजे राज्याचा दुभाषी अशी एक मानाची जागा असे. या जागेवर आणि शेजारच्या दरबारांत वकिलीवर बहुधा शेणवी-कामती मंडळी नेमली जात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली एक मोठा ग्रंथच या हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी वकिलांवर प्रसिद्ध केला. त्यांतले एक रामोजी शेणवी कोठारी. १६६७ साली बारदेशावर स्वारी झाल्यानंतर शिवाजी महाराजांशी तह ठरविण्यास पोर्तुगीजांनी ज्यांना पाठविले त्यांत हे होते. अशा माणसाची अवस्था मनात आणून पाहा. धनी कॅथलिक, आपण हिंदू. धन्याच्या राज्यात आपल्या देवळांना थारा नाही. समोर बसलेला राजा आपल्या धर्माचा आणि आपलीच बोली जाणणारा. मसुद्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन राज्ये पुन्हा लढाईस उभी राहणार. त्यांच्या निष्ठेविषयी कोणी काहीही म्हणो, त्यांच्या भाषाज्ञानाविषयी शंका घेता येत नाही, कारण दोन्ही बाजूंनी त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले. आमच्या मते आल्व्होरच्या काउंटाच्या फर्मानावरील उत्तम टीका हीच आहे. रयतेने देशी भाषा सोडावी म्हणून ज्याने लिहिले, त्याच्याच कचेरीचे पान देशी भाषा जाणणाऱ्या कारकुनावाचून हलत नव्हते.

दुसरे कारण धर्माचे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला, तेव्हा तो तिशीचा होता. त्याच्या देशात कॅथलिक पाद्र्यास जीव धोक्यात घालून राहावे लागे. पोर्तुगालच्या जहाजावाचून त्याला इकडे येण्यास दुसरी वाटही नव्हती. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. पण त्याने कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले ते कोणत्या भाषेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापलेले आहे. इंग्रज माणसाने पोर्तुगीज भाषेतून कोकणीचे व्याकरण सांगावे आणि मराठी ओवीत पुराण रचावे, याहून या किनाऱ्याची खरी स्थिती दाखविणारे उदाहरण आम्हांस सुचत नाही.

त्या काळी पोर्तुगीज ही केवळ पोर्तुगीजांची भाषा राहिली नव्हती. बंदरोबंदरी नाना देशांचे व्यापारी एकमेकांशी तिच्याच मोडक्या रूपात बोलत. मुंबई इंग्रजांच्या हाती १६६५ साली आली, ती पोर्तुगीज बोलणारे बेट म्हणूनच आली. १६९८ च्या सनदेत इंग्रज कंपनीच्या पाद्र्यांना अट घातलेली आहे, की हिंदुस्थानात पोचल्यापासून एका वर्षाच्या आत त्यांनी पोर्तुगीज शिकावी. म्हणजे पोर्तुगालचे वैभव मावळू लागल्यावरही त्याच्या शत्रूंना त्याची भाषा शिकणे भाग होते. नाण्यावरचा राजा मेला तरी नाणे चालत राहते, तसे हे झाले.

आपल्याही तोंडी ते नाणे अजून खुळखुळते. महिन्याचा पगार, कुलपाची चावी, गवंड्याचे घमेले, दाराची बिजागरी, बंदुकीचे काडतूस, चोराचा तुरुंग ही सगळी तिकडची देणगी. पोर्तुगीज भाषेत ‘आंव’ असा एक नाकात घोळणारा शेवट पुष्कळ शब्दांना असतो. आमच्या पूर्वजांनी तो कानाने बरोबर टिपला आणि पाव व लिलाव या दोन शब्दांत जवळजवळ तसाच जपून ठेवला. व्याकरण न वाचता, बाजारात उभ्या उभ्या शिकलेली ही भाषा आहे. कोर्लईच्या किल्ल्याखालील ख्रिस्ती वस्तीत तर पोर्तुगीजपासून उपजलेली एक बोली आजही घरात चालते. चौल १७४० साली मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले, बोली मात्र राहिली.

आता आम्ही ज्या कारणापाशी अधिक थांबू इच्छितो, त्याकडे येतो. विसाव्या शतकात काही विद्वान पोर्तुगीज शिकले ते शिवाजी महाराजांसाठी. हे वाक्य प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटेल. पण मराठ्यांच्या इतिहासाची साधने मोडीत आहेत, फारसीत आहेत, इंग्रजीत आहेत, तशीच ती पोर्तुगीजमध्येही आहेत. आणि ही शेवटची पेटी फार दिवस बंद होती. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभच घ्या. शिवाजी महाराज कल्याण-भिवंडीकडे गलबते बांधवीत आहेत आणि रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज तेथे कामावर आहे, ही १६५९ मधील हकीकत कोणत्या बखरीने सांगितली? बखरकारांनी नव्हे, घाबरलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी सांगितली. शत्रूची भीती ही इतिहासाला कधी कधी मित्राच्या स्तुतीहून अधिक उपयोगी पडते.

जदुनाथ सरकारांनी फारसी व मराठीच्या जोडीस पोर्तुगीजचाही अभ्यास केला. परंतु बंगालचे दुसरे एक विद्वान, डॉ. सुरेंद्रनाथ सेन, यांचे उदाहरण आम्हांस विशेष वाटते. ते जन्मले १८९० साली, पूर्व बंगालात. मराठी त्यांची नव्हे, पोर्तुगीजही नव्हे. या माणसाने दोन्ही भाषा मोठेपणी कष्टाने आत्मसात केल्या. गोव्यातील कागदपत्रांवरील त्यांचा अहवाल १९२५ साली कलकत्ता विद्यापीठाने छापला, आणि १९२७ साली परकीयांनी लिहिलेल्या शिवचरित्रांचा त्यांचा ग्रंथ बाहेर आला. त्यात कोस्मे द ग्वार्दा याच्या पोर्तुगीज शिवचरित्राचे भाषांतर आहे. हे मूळ चरित्र १६९५ साली लिहिलेले आणि १७३० साली लिस्बनला छापलेले. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर अवघ्या पंधरा वर्षांत ते लिहून झाले होते. लेखक स्वतःस मुरगावचा म्हणवितो.

या पुस्तकात काय आहे? पुष्कळ गफलती आहेत. शिवाजी हा विरारच्या एका पोर्तुगीज जमीनदाराचा मुलगा असावा, अशी एक भन्नाट वदंताही त्याने नोंदविली आहे. ती वाचून आपल्याला हसू येते, क्वचित संतापही येतो. पण जरा थांबून विचार करावा. एवढा पराक्रमी पुरुष आपल्याच रक्ताचा असावा असे शत्रूच्या मुलखातील लोकांना वाटू लागले होते, याहून मोठी कबुली ती कोणती? भाषांतरकाराने हा मजकूर गाळला असता तर आपल्याला ती कधीच कळली नसती. सेनांनी गाळला नाही. मूळ भाषा येणाऱ्या माणसास दुसऱ्याच्या चाळणीवर अवलंबून राहावे लागत नाही, तो हा लाभ.

डॉ. पिसुर्लेकरांची गोष्ट याहून निराळी. सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी गोव्याच्या दप्तरखान्यात सुमारे तीस वर्षे घालविली. या दप्तरखान्याचा पहिला रक्षक दियोगु दु कौतु १५९५ साली नेमला गेला होता. तो शिपाई होता आणि इतिहासकारही. लिस्बनचे राजे आणि गोव्याचे व्हाइसरॉय यांची पत्रे मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून जात, म्हणून त्या बाडांचे नावच ‘मोसमांची पुस्तके’. दुसऱ्या बाडांना ‘शेजारच्या राजांची पुस्तके’ म्हणतात, आणि त्या शेजाऱ्यांत आमचे छत्रपती व पेशवे आहेत. राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात प्रसिद्ध केले. १९२६ पासून पोर्तुगीजमध्ये लिहिलेले त्यांचे लेख ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या नावाने पुणे विद्यापीठाने १९६७ साली मराठीत आणले. दोनच वर्षांनी ते वारले.

नुसती पोर्तुगीज येऊन हे काम होत नाही, आणि नुसत्या मराठीनेही होत नाही. एक उदाहरण देतो. ‘आगासईं’ असे पोर्तुगीज कागदात लिहिलेले असते. हे गोव्यातले आगशी, की वसईजवळचे आगाशी? लिस्बनच्या पंडितास हा प्रश्नच पडणार नाही. इकडच्या माणसाला पडतो, कारण त्याने दोन्ही गावांची नावे ऐकलेली असतात. तारखांचेही तसेच आहे. वसईचा किल्ला चिमाजी आपांच्या स्वाधीन करण्याचा करार काही ग्रंथांत १७३९ च्या मे महिन्याच्या १६ तारखेस, तर काही ग्रंथांत ५ तारखेस झालेला दिसतो. विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. वस्तुतः दोन्ही एकच दिवस. पोर्तुगीजांनी सुधारलेले पंचांग केव्हाच घेतले होते. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याला चिकटून होते, आणि तोपर्यंत दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडले होते. मूळ कागद वाचणारास ही गाठ चटकन सुटते.

काही मंडळी विचारतात, ज्यांनी देवळे पाडली, ज्यांनी इन्क्विझिशन चालविले, त्यांची भाषा आपण का शिकावी? प्रश्न रास्त आहे, भावनाही समजण्यासारखी आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाल्यावर शाळांतून पोर्तुगीज पाहता पाहता गेली, आणि तिच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही. पण पाडलेल्या देवळांच्या जमिनींची उत्पन्ने कोठे वळविली, याची नोंद पाडणाऱ्यांच्याच भाषेत आहे. आरोपीच्या घरातील वह्या वाचता येत नसतील तर फिर्याद चालवावी कशी?

इंग्रज लेफ्टनंट रिचर्ड बर्टन १८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर गोव्यास आला, त्याला कामोंइशच्या महाकाव्याने वेड लावले आणि १८८० साली त्याचे भाषांतर छापूनच तो थांबला. असे रसिकही या वाटेने गेले. पण त्यांची संख्या सर्वत्र थोडीच असते.

आजच्या गोव्यात जी प्रौढ माणसे ही भाषा शिकतात, त्यांना बहुधा काव्यही नको असते आणि इतिहासही. कोणाला आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवावयाचे असते. कोणी वकील असतो. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० च्या जुलैपासून गोव्यास लागू झाला, आणि त्यातील कुटुंब व वारसा यांविषयीचा भाग स्वातंत्र्यानंतरही तेथे चालू राहिला. त्या कायद्याने, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि निम्म्यावर बायकोचा हक्क असतो. मुलांनाही इच्छापत्राने पुरते बेदखल करता येत नाही. निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी राखलेला असतो. जुने विवाहकरार, वाटणीपत्रे, जमिनीच्या नोंदी या सर्व पोर्तुगीजमध्ये, आणि पुष्कळशा बारीक, तिरक्या हस्ताक्षरात. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर पेटीतून असा कागद निघतो. दीर म्हणतो, यात तुझे काही नाही. कागदावर काय आहे ते त्या दिराला वाचता येत नाही, आणि तिलाही येत नाही. मग ती लेखनिकाकडे जाते, तो पैसे घेऊन दोन ओळींत गोषवारा सांगतो, आणि त्या दोन ओळींवर तिने घर सोडावे की न सोडावे हे ठरावयाचे असते. अशा एखाद्या बाईने चाळिसाव्या वर्षी पोर्तुगीज क्रियापदे पाठ करावयास घेतली, तर ती ‘मोसमांच्या पुस्तकां’पासून सुरुवात करणार नाही. ती आपल्या सासऱ्याच्या सहीपासून सुरुवात करील.