गुप् धातूचं गणगोत

चंद्रगुप्त मौर्य हा काही लपून बसलेला राजा नव्हता. ब्रह्मगुप्ताने तर आपलं सगळं गणित श्लोकबद्ध करून जगापुढे ठेवलं. तरी दोघांच्याही नावात 'गुप्त' आहे, कारण तिथे त्याचा अर्थ 'राखलेला' असा आहे. चंद्राने ज्याला राखलं तो चंद्रगुप्त. धातुपाठातही 'गुप्'चा अर्थ रक्षण असाच दिलाय. लपवण्याचा अर्थ मागून चिकटला. जे राखायचं ते चारचौघांत मिरवायचं नाही, अशा सरळ वाटेने तो आला असावा.

भाषेचे अभ्यासक याच्याही मागे जातात. त्यांच्या मते आधी 'गोपा', म्हणजे गाई राखणारा. त्यावरून वेदांतलं 'गोपायति', म्हणजे राखतो, सांभाळतो. आणि त्या क्रियापदातून सुटा काढलेला गुप्. म्हणजे 'गोपनीय' या कोऱ्या करकरीत सरकारी शब्दाच्या दावणीला अजून गाय बांधलेली आहे. 'गोत्र' हा शब्दही मूळचा गोठ्यातलाच, आणि त्यातून आलेलं आपलं 'गणगोत'ही.

मानसोपचाराच्या दवाखान्यात पहिल्या भेटीला जो कागद भरून घेतात, त्याच्या तळाशी बहुधा बारीक अक्षरांत एक ओळ असते : आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल. सही करणारा ती 'लपवून ठेवली जाईल' अशी वाचतो. पण पूजनीय म्हणजे पुजायला योग्य, वंदनीय म्हणजे वंदन करायला योग्य, तसं गोपनीय म्हणजे राखायला योग्य. राखणं हे लपवण्यापेक्षा कटकटीचं काम. गुराखी गाई कोंडून ठेवत नाही. सकाळी सोडतो, चारायला नेतो, कुणाच्या शेतात तोंड घालू देत नाही आणि दिवेलागणीला मोजून परत आणतो. रुग्णाची माहितीही बाहेर न्यावी लागतेच: दुसऱ्या डॉक्टरकडे, कधी घरच्यांकडे, क्वचित कोर्टात. किती न्यायची आणि कुठवर, हे बघणाऱ्याला राखणारा म्हणायचं.

याच गुप्ला एक लेक आहे, तिचं नाव ऐकून माणूस दचकतो. जुगुप्सा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, त्याच साच्यातून जुगुप्सा निघाली. एखाद्या गोष्टीपासून स्वतःला राखावंसं वाटणं, तिच्यापासून दूर सरकणं आणि शेवटी किळस. रसशास्त्राने तिला बीभत्स रसाचा स्थायीभाव करून टाकलं. राखण्यापासून किळसेपर्यंतचा हा उतार एकाच धातूने उतरला.

गंमत पुढेच आहे. पाणिनीने ज्या सूत्रात या रूपाची सोय लावली (तिसरा अध्याय, पहिला पाद, पाचवं सूत्र), तिथे गुप्च्या शेजारी आणखी दोनच धातू बसवलेत: तिज् आणि कित्. तिज्पासून तितिक्षा, म्हणजे सोसणं. कित्पासून चिकित्सा. या तिघांना हा प्रत्यय नेमका कोणत्या अर्थी लागतो, तेही पुढच्या वैयाकरणांनी सांगून ठेवलं: निंदा, क्षमा आणि व्याधीवरचा इलाज. पाणिनीला फक्त प्रत्यय लावायचा होता, त्याच्या मनात दवाखाना नव्हता हे उघड आहे. पण मानसिक आजार घरात आला की घरचे ज्या क्रमाने जातात, तोच क्रम त्या सूत्रात पडलाय, हे एकदा दिसलं की नजरेआड होत नाही. आधी नाक मुरडणं, मग वर्षानुवर्षं सोसणं, आणि अगदीच गळ्याशी आलं की डॉक्टर.

मराठीने चिकित्सेचंही थोडं नुकसान केलंय. 'फार चिकित्सा करू नकोस' म्हणताना आपल्याला उपचार अभिप्रेत नसतो, नसती खोदाखोद अभिप्रेत असते. शेजारपाजारचे करतात ती चिकित्सा निराळी आणि डॉक्टर करतो ती निराळी. पहिलीपासून वाचायचं म्हणूनच लोक दुसरीकडे जायला कचरतात.

मुंबईच्या लोकलमधून जाताना रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्यावर निळ्या-लाल अक्षरांत 'गुप्तरोग' रंगवलेला कुणी पाहिला नाही? तिथला 'गुप्त' चंद्रगुप्तातला राहिलेला नाही, तो जुगुप्सेकडे झुकलेला आहे. मानसिक आजाराचंही तेच झालं, फक्त त्याची जाहिरात भिंतीवर नव्हती. 'डॉक्टर, गावाकडे पित्ताचा त्रास म्हणून सांगितलंय.' 'ऑफिसात द्यायला पाठदुखीचं सर्टिफिकेट मिळेल का?' 'ताईचं लग्न ठरतंय, भाऊ इथे येतो हे कुणाला कळायला नको.' या मागण्यांना गोपनीयता म्हणत नाहीत. हे गुपचूप. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे; गुपचूपपणा बहुतेक वेळा घराण्याच्या अब्रूसाठी असतो, आणि त्यात रुग्णाला कुणी विचारलेलंही नसतं. डॉक्टरने पहिली राखावी. दुसऱ्यासाठी खोटं सर्टिफिकेट लिहावं, असं त्याच्यावर कुठलंही बंधन नाही.

गुपित फुटलं की आपण ते 'षट्कर्णी झालं' म्हणतो. सहा कान, म्हणजे तिसरा माणूस. जुन्या राजनीतीचा हिशेब साफ होता: चार कानांत मसलत टिकते, सहा कानांत फुटते. तिथे मसलतीला शब्द होता 'मंत्र', तो देणारा मंत्री. समुपदेशकाची खोली याच हिशेबावर बांधलेली असते. दोन खुर्च्या आणि चार कान. पाचवा-सहावा कान कुणाचा चालेल, हे मात्र आता कायद्याने ठरवून दिलंय. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017चा, अमलात आला 2018मध्ये. त्याचं कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं, आणि तो मनाच्या आजारापुरता नाही; तिच्या शारीरिक उपचारांची माहितीही त्यात आली.

तिथेच अपवादही आहेत. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगता येतं. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर सांगता येतं. सक्षम प्राधिकरणाने किंवा न्यायालयाने आदेश दिला तर सांगावं लागतं, आणि सार्वजनिक सुरक्षेचं कारणही आहे. मला यातला एक तपशील फार आवडतो. रुग्णाकडून दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल, तर त्या धोक्यापासून वाचवायला लागेल तेवढीच माहिती द्यायची. अमुक माणसाला सावध करा, एवढं कळवायचं. त्यासाठी रुग्णाचं बालपण, त्याचं लग्न, त्याची दारू यांचा पाढा वाचायचा नाही. गाय दारापर्यंत आणली म्हणून गोठा उघडा टाकायचा नसतो.

सहाव्या कानाचा पहिला मान आपण न विचारता नातेवाइकांना देतो. 'बरोबर कोण आलंय?' हा प्रश्न रुग्णाच्या नावाआधी विचारला जातो, आणि मग सगळं बोलणं त्या बरोबरच्याशी. नवरा आत, बायको बाहेर; किंवा बायको आत असली तरी उत्तरं नवऱ्याची. कायदा इथे वेगळं बोलतो. त्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' अशी व्यवस्था आहे. शब्द जड आहे, व्यवस्था सोपी: साध्या कागदावर नाव लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. ते नाव भावाचं असू शकतं, शेजारणीचं असू शकतं, ऑफिसातल्या मित्राचंही. त्या प्रतिनिधीला त्याचं काम करण्यापुरती माहिती द्यायची. रुग्णाने कुणाचंच नाव दिलं नसेल तर मात्र नातेवाईक. म्हणजे रक्ताच्या नात्याला जागा आहे, पण रांगेत. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत तो साधा कागद पुढे केला जातो, हा प्रश्न विचारून बघावा.

'खासगी' या शब्दाचं चरित्रही इथे थोडं बघण्यासारखं आहे. अरबी 'खास', त्याचं फारसी वळण, आणि मराठेशाहीत 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा पैसा, दौलतीपासून वेगळा. अहिल्याबाई होळकरांची घाटांची आणि मंदिरांची कामं खासगीतून झाली ती अशी. आज 'खासगी दवाखाना' म्हणताना आपल्याला एवढंच म्हणायचं असतं, की तो सरकारी नाही. आत गेलं की बाकावर दाटीवाटीने माणसं, आणि काउंटरवरून खणखणीत आवाज: 'मागच्या वेळच्या झोपेच्या गोळ्या संपल्या का हो?' अख्खा बाक मान वळवून बघतो. कायद्याने कर्तव्य घातलंय ते आरोग्य व्यावसायिकांवर. काउंटरवरच्या मुलीला ते डॉक्टरनेच शिकवायचं असतं.

तिथून चिठ्ठी केमिस्टकडे जाते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 'एच-वन' अनुसूचीत येतात, आणि ती विकताना केमिस्टला वेगळ्या वहीत नोंद करावी लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही 3 वर्षं जपायची आणि तपासणीला आलेल्याला दाखवायची. औषधाचा गैरवापर रोखायला हे हवंच. पण डॉक्टरच्या कपाटाला कुलूप असतं आणि ही वही गल्ल्याशेजारी पडलेली असते. गल्लीतला केमिस्ट रुग्णाला त्याच्या शाळेच्या दिवसांपासून ओळखत असतो, ते वेगळंच.

आणि कोर्ट. वकिलाशी झालेलं अशिलाचं बोलणं 1872च्या पुरावा कायद्याने राखलं. अशिलाच्या परवानगीशिवाय वकिलाला ते उघड करता येत नाही. नवरा-बायकोचं आपसातलं बोलणंही त्या कायद्याने राखलं. डॉक्टर आणि रुग्णाला तशी मुभा त्याने दिली नाही, त्याच्या जागी आलेल्या 2023च्या नव्या कायद्यानेही नाही. न्यायाधीशाने विचारलं तर डॉक्टरला उत्तर द्यावं लागतं. घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराच्या मानसिक आजाराचा मुद्दा निघतो तेव्हा हा फरक चांगलाच बोचतो. मालमत्तेच्या भांडणात माणूस वकिलाला जे निर्धास्त सांगतो, त्याहून नाजूक गोष्टी तो मनाच्या डॉक्टरला सांगतो. आणि भिंत मात्र वकिलाची जाड.

निर्धास्त सांगतो, कारण विश्वास असतो. विश्वासाचा धातू श्वस्, श्वास घेणं. त्यातलंच आश्वासन आणि त्यातलाच विश्वस्त. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने डेटा हाताळणाऱ्याला जे नाव दिलंय, त्याचा अर्थ विश्वस्त असाच होतो. मालक म्हटलेलं नाही. 'डेटा' हाही आपल्या लांबच्या नात्यातला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'दिलेल्या गोष्टी', आणि संस्कृतातला 'दत्त' त्याचा चुलतभाऊ. रुग्णाने दिलं म्हणून ते दवाखान्याकडे आहे.

दिलेलं ते दप्तरात जातं. दप्तर आपल्याकडे फारसीतून आलं, पण त्याचं मूळ ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं, ज्यावर लिहीत. घसा कातड्यासारख्या पापुद्र्याने भरतो म्हणून घटसर्पाचं इंग्रजी नावही त्याच ग्रीक शब्दावरून पडलं. नोंदवही आणि आजार एका कातड्यातून निघाले, हा योगायोग. त्यात अर्थ शोधण्यात मतलब नाही. मतलब आहे तो दप्तर कुणाचं, या प्रश्नात. केसपेपर डॉक्टरच्या कपाटात असतो, त्यामुळे तो डॉक्टरचा, असं दोघंही धरून चालतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 25 रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघायचा हक्क देतं. एखादी नोंद वाचून त्याच्या मनाला गंभीर इजा होईल, किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल, तर डॉक्टर तेवढी नोंद रोखू शकतो. रोखली, की अडवली आहे हे रुग्णाला सांगायचं आणि त्याच कायद्याखालच्या मंडळाकडे अर्ज करता येतो हेही सांगायचं. रोखलेलं असं तोंडावर सांगून रोखायचं. इथे गुपचूप चालत नाही.