चूहाय, माडी आणि साष्टीचे भंडारी

१/७
जपानमधील ‘चूहाय’ आज जगभर ओळखले जाते. शोचू नावाचे मद्य, सोडा आणि लिंबासारख्या फळांचा स्वाद एवढीच त्याची घडण. ‘शोचू’ व ‘हायबॉल’ या दोन शब्दांतून हे नाव आले. महायुद्धोत्तर टोकियोच्या कामगार वस्त्यांत रुजलेले हे पेय ताकारा कंपनीने १९८४ मध्ये डबाबंद स्वरूपात बाजारात आणले.

२/७
याच महायुद्धोत्तर काळात मुंबईतील कष्टकऱ्यांचे फेसाळ पेय मात्र कायद्याबाहेर जात होते. ते पेय म्हणजे माडी.

३/७
माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. पोयीला छेद देऊन मडके बांधायचे आणि पहाटे रस उतरवायचा. ताजा रस गोड असतो, ती नीरा. हवेतील यीस्टमुळे काही तासांतच तो आंबतो, त्यात मद्यार्क तयार होतो आणि कर्बवायूचे बुडबुडे उठतात. सोडा वरून मिसळावा लागत नाही. या माडीनेच पोदेरांचा पाव आणि ईस्ट इंडियन घरांतले फुगे फुगत.

४/७
रस काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील गावे होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने प्रत्येक झाडावर कर आणि प्रत्येक विक्रीवर परवाना लादला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळप मोठ्या मक्तेदारांच्या हाती देण्याचे धोरण आले. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. कारण स्पष्ट होते: विखुरलेल्या झाडांपेक्षा एका कारखान्यातून महसूल वसूल करणे सोपे.

५/७
राष्ट्रीय चळवळीने या महसुलावरच बोट ठेवले आणि दारूबंदीचा आग्रह धरला. त्या आग्रहामागे गरिबांच्या संसाराची खरी काळजी होती. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. वसाहतीच्या कराने जेरीस आलेला भंडारी आता स्वराज्याच्या कायद्याने गुन्हेगार ठरू लागला.

६/७
पळवाट उरली ती नीरेची. परवान्याने नीरा विकता येई. मात्र ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा आणि रस थंड ठेवायचा. उपनगरी स्थानकांवरील नीरेच्या टपऱ्या हा त्या धोरणाचाच वारसा. तोच रस सकाळी आरोग्यदायी पेय आणि दुपारी गुन्हा!

७/७
टोकियोतील गुत्त्यांचे पेय उद्योगाने उचलले आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली. साष्टीत कर, बंदी आणि पुढे इमारतींसाठी झालेली झाडतोड यांनी झाड आणि झाडावर चढणारा हात, दोन्ही विरळ केले. गोराई-मनोरीकडे गेलात, तर माडांच्या खोडांवर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा दिसतात का, ते जरूर पाहा. एका व्यवसायाचा तो अलिखित दप्तरखाना आहे.